एम.बी.बी.एस. करता करता एम.पी.एच.: काय जमते, काय जमत नाही आणि पुण्यात सुरुवात कुठून करावी

अमेरिकेतल्या एखाद्या मेडिकल स्कूलच्या माहितीपत्रकात ‘एम.डी.-एम.पी.एच., पाच वर्षे’ असे वाचले की सेकंड इयरच्या मुलांना हमखास प्रश्न पडतो: आपल्याकडे डॉक्टरकी (तिकडचे एम.डी. म्हणजे आपले एम.बी.बी.एस.) आणि एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, या दोन पदव्या जोडीने करता येतात का? येत नाहीत. का येत नाहीत हे आधी कळले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

तिकडे मुले चार वर्षांचे कॉलेज संपवून, पदवी हातात घेऊन मेडिकलला जातात. त्यामुळे मेडिकलची चार वर्षे चालू असताना मध्ये एक वर्ष काढून पदव्युत्तर एम.पी.एच. करायला अडचण येत नाही. काही विषयांचे क्रेडिट दोन्हीकडे धरतात आणि सगळे पाच वर्षांत आटोपते. आपण बारावीनंतर थेट एम.बी.बी.एस.ला शिरतो. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप पूर्ण होईपर्यंत आपल्याकडे कुठलीच पदवी नसते, आणि एम.पी.एच.ला पदवी लागते. गाडी अडते ती इथेच.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. ती बातमी अर्धवट वाचून अनेकजण फसतात. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील, किंवा दुसरा अभ्यासक्रम ऑनलाइन वा दूरस्थ असेल, तर दोन्ही चालतील, एवढेच त्यात आहे. दुसऱ्या अभ्यासक्रमाची प्रवेशपात्रता त्यात कुठेही माफ केलेली नाही. तेव्हा ‘इंटर्नशिपमध्ये दुपारनंतर मोकळेच असता, आत्ताच ऑनलाइन एम.पी.एच. सुरू करा’ असा फोन आला तर एकच विचारा: माझी एम.बी.बी.एस.ची पदवी अजून हातात नाही, मग प्रवेश कशाच्या आधारावर देताय? शिवाय २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्यसेवा आणि संलग्न विषयांचे अनेक अभ्यासक्रम ऑनलाइन व दूरस्थ पद्धतीने चालवायला यूजीसीने मनाई केली आहे. ऑनलाइन काही घ्यायचेच असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत ती संस्था आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही त्या वर्षासाठी आहेत का, हे पैसे भरायच्या आधी पाहावे.

म्हणजे आपल्याकडे सांगड घालायची ती एकापाठोपाठ एक. साडेपाच वर्षे अधिक दोन, आणि सरकारी कॉलेजचा बॉन्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, असेल तर आणखी एक. एम.पी.एच.ची ती दोन वर्षे कारणी लागणार की वाया जाणार, हे मात्र एम.बी.बी.एस.मध्येच बऱ्यापैकी ठरून जाते.

आधी ठरवा: एम.पी.एच. की एम.डी.

हा निर्णय लांबणीवर टाकू नका. एम.डी. कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले पी.एस.एम., तीन वर्षांचे आहे. त्याला नीट-पीजी द्यावी लागते आणि निवासी डॉक्टर म्हणून विद्यावेतन मिळते. एम.पी.एच. दोन वर्षांचे, नीट-पीजी लागत नाही, पण तिथे फी तुम्ही भरता. घरी कर्जाचा विषय असेल तर हा फरक कागदावर मांडून बघा. तीन वर्षे पैसे मिळणे आणि दोन वर्षे पैसे जाणे यांतली दरी वाटते त्यापेक्षा मोठी निघते.

मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवायचे असेल तर एम.डी. किंवा तिच्या तोडीची डी.एन.बी. पदवीच लागते. एम.पी.एच.वर ती खुर्ची मिळत नाही. आरोग्य कार्यक्रम चालवणे, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना, परदेशात पुढचे शिक्षण यांसाठी एम.पी.एच. पुरते. त्या वर्गात तुमच्याबरोबर बी.ए.एम.एस., बी.डी.एस., नर्सिंग, फिजिओथेरपी, कधी समाजकार्य केलेली मंडळीही असतात. ‘मी एम.बी.बी.एस. आहे’ या भांडवलावर तिथे काही चालत नाही. उलट संख्याशास्त्रात आणि मुलाखती घेण्यात हीच मंडळी बऱ्याचदा पुढे असतात.

आमचे मत स्पष्ट आहे. नीट-पीजीचा रँक कमी आला म्हणून एम.पी.एच.कडे वळू नका. त्या रँकवर पी.एस.एम.ची सीट बहुधा मिळते, कारण ती शेवटच्या फेऱ्यांपर्यंत उरते. एम.पी.एच. करायचे तर ते हवे म्हणून करा.

पहिली तीन वर्षे: वही, नमुना, परवानगी

कुटुंब दत्तक कार्यक्रम २०२१-२२ च्या बॅचपासून सगळ्यांनाच आहे. गावात तीन ते पाच कुटुंबे वाट्याला येतात आणि पुढची वर्षे त्यांच्याकडे जात राहायचे असते. बहुतेक मुले लॉगबुक भरून मोकळी होतात. तुम्ही वेगळी वही करा. घरातली माणसे, वय, पाणी कुठून येते, शौचालय आहे आणि वापरात आहे का (हे दोन वेगळे प्रश्न आहेत), चूल की गॅस, आणि प्रत्येक भेटीला तारखेसह बीपी, वजन, जमल्यास हिमोग्लोबिन. तीन वर्षांनी त्याच माणसांची ही ओळीने नोंद म्हणजे छोटासा कोहोर्ट होतो. यात नेहमी बिघडते ते असे: सगळ्या घरादाराचा बीपी १२०/८०. खऱ्या मोजमापात, डिजिटल यंत्र असेल तर, शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत विखुरलेला असतो. सगळीकडे शून्यच दिसला की जाणत्या मार्गदर्शकाला खुर्चीवरून न उठता कळते की आकडे वसतिगृहात बसून लिहिले आहेत.

सेकंड इयरपासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना डोक्यात ठेवा. एस.टी.एस. म्हणून ती ओळखली जाते, १९७९ पासून चालू आहे आणि काम दोन महिन्यांचे असते. इंटर्नशिपपर्यंत थांबलात तर ही संधी गेली. अर्जाच्या आधी कॉलेजातला एक मार्गदर्शक हवा. सूचना निघाल्यावर मार्गदर्शक शोधायला निघालात तर चांगले शिक्षक आधीच दुसऱ्या मुलांना हो म्हणून बसलेले असतात. तेव्हा तीन-चार महिने आधी जा, आणि ‘सर, काहीतरी विषय द्या’ म्हणू नका. एका वाक्यात बसेल असा प्रश्न घेऊन जा.

नमुना किती घ्यायचा, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तोंडी परीक्षेतले सूत्र सगळ्यांना पाठ असते: चार पी क्यू भागिले डी वर्ग (पी म्हणजे आजाराचे टक्के, क्यू म्हणजे शंभरातले उरलेले, डी म्हणजे चालणारी चूक). समजा तुमच्या भागात उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३० टक्के धरले आणि ५ टक्क्यांची चूक चालणार आहे. ४ × ३० × ७० भागिले २५, म्हणजे ३३६ माणसे. दहा टक्के लोक नाही म्हणतील असे गृहीत धरायचे तर ३३६ मध्ये दहा टक्के मिळवून ३७० करू नका. ३३६ ला ०.९ ने भागा, ३७४ येतात. आता तुम्ही घरे सरसकट न निवडता आधी गावे आणि मग गावातली घरे निवडणार असाल, तर एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात, आणि त्याची भरपाई म्हणून संख्या साधारण दुप्पट धरतात: ६७२, आणि नकार धरून ७४७. दोन महिन्यांत एकट्याने दिवसाला आठ मुलाखती केल्या तर ३३६ ला ४२ दिवस लागतात. ७४७ होणारच नाहीत. म्हणून विषय निवडायच्या आधी हे गणित मांडा. गणितात न बसणारा विषय कितीही सुंदर असला तरी सोडून द्या.

नैतिक समितीची मंजुरी मिळायच्या आधी गोळा केलेली माहिती नंतर वापरता येत नाही. ‘मंजुरी येईलच, तोवर सुरुवात करू’ असे म्हणणाऱ्यांची पन्नास-साठ फॉर्मांची मेहनत कचऱ्यात जाते. समितीची बैठक रोज होत नाही. पुढची बैठक कधी आहे हे समितीच्या सचिवांच्या कार्यालयात आधी विचारा आणि त्याच्या किमान पंधरा दिवस आधी प्रस्ताव द्या. मराठी संमतीपत्र इंग्रजीवरून शब्दशः केलेले नको. ‘सहभागी व्यक्तीस अपाय संभवत नाही’ हे वाक्य शिरूरच्या आजींना वाचून दाखवा, म्हणजे कुठे चुकते ते लगेच कळेल.

संगणकावर सुरुवातीला एपी इन्फो पुरे. ते फुकट आहे आणि साथरोगाच्या कामासाठीच बनवलेले आहे. नंतर आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका. एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरू नका. शोधनिबंधात सॉफ्टवेअरचे नाव लिहायची वेळ आली की अडचण होते. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोग विज्ञान संस्थेचा संशोधनाचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम मेडिकलच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. त्यातले विषय आत्ताच समजून घेतले तर एम.पी.एच.ची पहिली सहामाही अर्धी सोपी होते.

पुण्याचा फायदा घ्या

सार्वजनिक आरोग्य शिकायला याहून बरे शहर शोधावे लागेल. डॉ. आंबेडकर मार्गावर आणि पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. १९५२ मध्ये ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. राज्याचा हिवताप आणि जलजन्य आजारांचा कारभार आळंदी रस्त्यावरच्या आरोग्य भवनातून चालतो. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरातल्या गावांत घरोघरच्या जन्म-मृत्यू-स्थलांतराची वर्षानुवर्षे नोंद ठेवते. गर्भवतींच्या आहाराचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला, तोही याच केंद्राचा.

अशा ठिकाणी सहज डोकावायला मिळत नाही. कॉलेजच्या अधिष्ठात्यांच्या पत्रासह लेखी अर्ज लागतो, आणि दोन-तीन महिने आधी. ‘शिकायला यायचे आहे’ असा मोघम अर्ज पडून राहतो. ‘अमुक विभागात चार आठवडे, अमुक काम, आमच्या मार्गदर्शकांची संमती सोबत’ असा अर्ज पुढे सरकतो. तिसऱ्या वर्षानंतरचे इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीच्या विषयासाठी मिळणारा काळ, यासाठी वापरता येते.

साथीही इथे शिकवून जातात. जुलै २०२१ मध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावर गेला आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. सरावासाठी हा प्रसंग घ्या. रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडायचे, पाणीपुरवठ्याच्या हद्दी त्यावर ठेवायच्या, आजार सुरू झाल्याच्या तारखांचा आलेख काढायचा. दाखल झाल्याच्या तारखा घेऊ नका, त्या आजारापेक्षा खाटा कधी मिळाल्या ते सांगतात. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि महिनाभरात हाताला बसते.

इंटर्नशिपचे बारा आठवडे

सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनला १२ आठवडे असतात. मुले याला सुट्टी समजतात आणि नीट-पीजीचे प्रश्न सोडवत बसतात. एम.पी.एच. करणाऱ्याला मात्र इथेच खरा माल मिळतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर पहिल्या आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने तीन गोष्टी पाहा. एक, रोगसर्वेक्षणाचे अहवाल: एस फॉर्म आरोग्यसेविका लक्षणांवरून भरते, पी फॉर्म डॉक्टर संभाव्य निदानावरून, एल फॉर्म प्रयोगशाळा. हे तिन्ही आता एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर जातात. ओपीडीत त्या आठवड्यात तापाचे किती रुग्ण आले आणि पी फॉर्मवर किती चढले, एवढी तुलना करा. दोन, लसींचा शीतकपाट: आयएलआरचे तापमान दोन ते आठ अंशांत आहे का आणि दिवसातून दोनदा खरेच लिहिले जाते का. तीन, लसीकरणाचा मासिक अहवाल.

या तिसऱ्यात मजा आहे. बारामती, इंदापूर, दौंडकडच्या एखाद्या केंद्राचे लसीकरण ११० टक्के दिसले तर लगेच ‘खोटा अहवाल’ म्हणू नका. मैदानी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३०,००० आणि उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या असा मापदंड आहे, आणि वर्षाला किती बाळे जन्मतील हे जुन्या जनगणनेवरून वाढवत आणलेल्या लोकसंख्येवर ठरते. छेदातला आकडा अंदाजाचा, अंशातला मोजलेला. दिवाळीच्या आसपास ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या मुलांना लस दिली की ती अंशात येतात, छेदात ती कधीच नव्हती. आणि उलटही होते: टोळीबरोबर गेलेली मुले त्यांच्या मूळ गावात छेदात असतात आणि लस मात्र दुसऱ्या जिल्ह्यात घेतात. म्हणजे एका ठिकाणी ११० आणि दुसरीकडे ८० टक्के, आणि अहवाल दोन्ही प्रामाणिक. आशाताईंच्या सर्वेक्षणाच्या वहीतून खरी मुले मोजा आणि मग टक्केवारी काढा. एवढे एक काम नीट केले तरी बारा आठवडे वसूल.

बॉन्ड, नोंदणी, कागद

सरकारी कॉलेजातून झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. न केल्यास दंड दहा लाख. एम.पी.एच.साठी हे वर्ष म्हणजे अडथळा नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा प्रमुख म्हणून वर्षभर काम केलेला उमेदवार मुलाखतीत वेगळा ओळखू येतो. बॉन्ड टाळून आधी एम.पी.एच. करायचा विचार असेल तर वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचा ताजा शासन निर्णय वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका, कारण हे नियम बदलत आले आहेत. सीनियरने सांगितलेला नियम त्याच्या बॅचचा असतो.

इंटर्नशिप संपली की पहिले काम महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी. एम.पी.एच.ला परराज्यात गेल्यावर हे लांबते आणि मग नोकरीच्या वेळी धावपळ होते. नोंदणीचे पाच वर्षांनी नूतनीकरण असते आणि त्याला ३० क्रेडिट गुण लागतात, एम.पी.एच.च्या काळातही परिषदांची प्रमाणपत्रे जपून ठेवा.

बी.जे. किंवा काशीबाई नवलेसारखी कॉलेजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर नाशिकहून मायग्रेशन सर्टिफिकेट लागते, आणि परदेशासाठी ट्रान्सक्रिप्ट. भारती, डी. वाय. पाटील, सिम्बायोसिस ही अभिमत विद्यापीठे स्वतःच पदवी देतात, त्यामुळे तिथे कागद त्यांच्याच कार्यालयातून. दहावीच्या सनदेवर आई-वडिलांचे नाव एक आणि पासपोर्टवर दुसरे, आडनाव आधी की नंतर, असे फरक थर्ड इयरमध्येच दुरुस्त करा. प्रवेशाच्या आठवड्यात राजपत्रात नाव बदलता येत नाही.

एम.पी.एच. निवडताना

या अभ्यासक्रमाला मेडिकलसारखे एकच कडक नियंत्रण नाही, त्यामुळे दर्जात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, त्रिवेंद्रमचे अच्युत मेनन केंद्र, चंडीगढचे पीजीआय, कोलकात्याची १९३२ ची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था, गांधीनगर आणि हैदराबादच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था ही जुनी, ओळखीची नावे. पुण्यातही पर्याय आहेत. माहितीपत्रकातल्या इमारतीच्या फोटोंवर जाऊ नका, चार प्रश्न विचारा. पूर्णवेळ जैवसंख्याशास्त्रज्ञ आहे का, की शनिवारी कोणीतरी येऊन शिकवते? स्वतःचे क्षेत्र आहे का, गाव वा वस्ती, जिथे विद्यार्थी जातात? प्रबंधाला स्वतः गोळा केलेली किंवा नीट मिळवलेली माहिती लागते, की पाच लेख वाचून चालते? आणि मागच्या बॅचचे दहा जण आज कुठल्या पदावर आहेत? शंभर टक्के प्लेसमेंट असे उत्तर आले तर पदांची नावे मागा. हॉस्पिटलचा मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह हे सार्वजनिक आरोग्य नव्हे, आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटचे एम.बी.ए. म्हणजे एम.पी.एच. नव्हे, जरी एकाच दालनात दोन्हीचे फॉर्म मिळत असले तरी.

परदेशात जायचे असेल तर अमेरिकेत बहुतेक अर्ज सोफास या एकाच संकेतस्थळावरून जातात आणि भारतीय गुणपत्रिकांचे मूल्यमापन आधी करून घ्यावे लागते. त्याला महिने लागतात. तिथल्या मान्यताप्राप्त एम.पी.एच.ला किमान ४२ क्रेडिट असतात. ब्रिटनमध्ये एका वर्षात होते. एम.पी.एच.मुळे तिकडे डॉक्टरी करता येत नाही, त्या परीक्षा वेगळ्या. शिष्यवृत्त्यांपैकी फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा आणि चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, तेव्हा बॉन्डचे वर्ष इथेही कामी येते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात: राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी, आदेश अकरा महिन्यांचे. केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन केडर उभे करायच्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात ही पदवी धरली आहे. पण राज्याची जाहिरात निघेपर्यंत त्यावर घराचे गणित बसवू नका.

अर्जातला शेवटचा कागद म्हणजे उद्देशपत्र. ‘मला ग्रामीण भागाची सेवा करायची आहे’ हे वाक्य ढीगभर अर्जांत असते आणि निवड समिती ते वाचतही नाही. त्याजागी लिहा की तुमच्या केंद्राचे लसीकरण कागदावर ११० टक्के होते, आशाताईंच्या वहीवरून तुम्ही मुले मोजली तेव्हा किती आले, टोळीतली किती मुले सुटली होती, आणि हा छेद कसा सुधारायचा हे तुम्हाला अजून येत नाही.